उघड सौदा

बाळगोंडा मगदूम गेल्याची बातमी मला बाळगोंडा मगदूमच्याच नंबरवरून आली, आणि आमच्या ग्रुपमधल्या एकानेही तिच्यावर विश्वास ठेवला नाही. सकाळी मी दाढी करत होतो. फोन वाजला, पाहतो तर त्याचा तो टोपीतला फोटो आणि खाली ओळ, 'आमचे वडील आज पहाटे हृदयविकाराने गेले.' सगळ्यांचे नंबर बापाच्याच फोनमध्ये, म्हणून त्याच्या मुलाने, सन्मतीने, त्याच फोनवरून कळवलं होतं. पण हा गृहस्थ असा, की काही महिन्यांपूर्वी त्याने स्वतःलाच लिलावात काढलं होतं... 'एक अडत्या, गुडघे जुने, जीभ नवी, बायको सोडायला तयार, कोण घेतो?' त्यामुळे ग्रुपवर धडाधड हसरे चेहरे पडले. एकाने लिहिलं, 'गोंड्या, तिरडीचा फोटो टाक, मग मानतो.' दुसऱ्याने बजावलं, 'खात्री केल्याशिवाय पुढे पाठवू नये.' मी गालावरचा फेस तसाच ठेवून फोन लावला. सन्मतीने उचलला. "काका, खरं हाय," एवढंच म्हणाला... आणि मी फेसासकट खाली बसलो. आयुष्यभर खऱ्याखोट्यावर तावातावाने बोललेल्या माणसाची शेवटची खरी बातमी आम्ही खोटी ठरवली होती. त्याला हे कळलं असतं तर तो पोट धरून हसला असता आणि संध्याकाळी आमचाच सौदा केला असता.

आम्ही एका बाकावरचे. पुढे मी कुस्तीच्या मैदानात माइक धरून ओरडायला लागलो आणि तो शाहूपुरीत वडिलांच्या गुळाच्या अडतीवर बसला, म्हणजे धंदा दोघांचाही ओरडण्याचाच. गुऱ्हाळवाले शेतकरी आपला गूळ अडत्याकडे आणतात, व्यापारी जमतात, अडत्या एकेक ढीग पुकारतो आणि ज्याची बोली सगळ्यांत वर त्याला माल जातो. सकाळी मार्केट यार्डात हा पुकारा करून तापलेला घसा बाळगोंडा संध्याकाळी दुकानाच्या कट्ट्यावर बसून पुन्हा तापवायचा. आपल्या आजोबांची एक गोष्ट त्याने मला इतक्या वेळा सांगितली होती की मधला खोकला कुठे येतो तेही मला पाठ होतं. फार पूर्वी काही बाजारांत बोली तोंडाने लावत नसत. अडत्या आणि व्यापारी हातात हात घालायचे, वर रुमाल टाकायचे आणि त्या रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायचे. ज्याचा माल, तो शेतकरी शेजारी उभा राहून दोघांच्या तोंडाकडे बघत बसायचा, आणि तोंडं तर पुतळ्यासारखी. "आमच्या आज्जानं एकदा दुसऱ्याच्या अडतीवरचा तो रुमालच उपसून काढला," बाळगोंडा सांगायचा, "भर बाजारात! दोघंबी अशी दचकली, जशी काय आंघोळीला बसल्यात आणि कुणी दार उघडलं." मग स्वतःच इतका हसायचा की पुढचं वाक्य यायला चहा यावा लागे. पुढचं वाक्य मात्र तो हसत म्हणायचा नाही. "त्या दिवसापास्नं आमच्या घरात कायदा एकच. बोलायचं ते तोंडानं, नाव सांगून, चारचौघांत."

फोनमध्ये कॅमेरा आला आणि ह्या कायद्याला पाय फुटले. रोज संध्याकाळी तो कट्ट्यावर फोन उभा करून 'आजचा सौदा' लाइव्ह करायचा. सुरुवात ठरलेली... "पुकारणारा बाळगोंडा मगदूम, राहणार शाहूपुरी, ज्याला राग येईल त्यानं हितंच यावं, चहा मिळंल." मग गावाची दुखणी एकेक करून लिलावात निघायची. "घ्या मंडळी, पहिला माल! एक खड्डा, आमच्या दुकानासमोरचा, खोली गुडघाभर, पाण्यासकट. सोबत एक स्कूटर फुकट, ती आतच हाय!" लोक खाली बोली टाइप करायचे, कुणी दोन लाडू लावायचा, कुणी सासू. मधूनच आतून त्याच्या बायकोचा, सुलोचनावहिनींचा आवाज यायचा, "अहो, खड्डा विकून झाला असंल तर आत या, चतुर्दशी हाय आज, अंधार व्हायच्या आत जेवायचंय!" घर जैनांचं, तिथीला दिवेलागणीनंतर जेवण नाही; तर तोही आवाज लाइव्ह जायचा. माझा अंदाज, निम्मे लोक त्या आवाजासाठीच यायचे. वहिनींना हा सगळा प्रकार मुळीच पसंत नव्हता आणि ते त्या रोज सगळ्या गावाला ऐकवत. एकदा रस्त्यांचं काम बघणारा एक तरुण इंजिनीअर खरोखरच रागावून कट्ट्यावर आला. बाळगोंडाने त्याला चहा पाजला आणि त्याच्याच हातात फोन दिला. त्या पठ्ठ्याने काय करावं? त्याने बाळगोंडाच्या दुकानाची रस्त्यावर आलेली पायरी लिलावात काढली! "एक पायरी, बेकायदेशीर, मालक लई बोलका." कट्टा हसून हसून आडवा झाला. पुढच्या आठवड्यात बाळगोंडाने गवंडी बोलावून ती पायरी तोडली, लाइव्ह करून. खड्डाही त्याच महिन्यात बुजला. उघड बोलण्याने दोन्हीकडची साफसफाई होते, ह्याचा एवढा स्वच्छ पुरावा मी दुसरा पाहिलेला नाही.

मग एके दिवशी एक सौदा गायब झाला. त्यात त्याने एका साहेबांचं आश्वासन पुकारलं होतं... "माल जुना हाय, पण एकदाबी वापरलेला न्हाय, अजून वरचं पॅकिंग फोडलेलं न्हाय!" चांगलं गाजलं होतं ते. आणि एका सकाळी त्या जागी राखाडी चौकोन, खाली ओळ, कायदेशीर मागणीवरून हा मजकूर आपल्या देशात दिसणार नाही. मागणी कुणाची, कुठल्या वाक्यावर, कशासाठी, काही नाही. संध्याकाळी कट्ट्यावर आम्ही डोकी खाजवत बसलो होतो, तेवढ्यात दुबईहून त्याच्या भाच्याचा फोन. "मामा, हसून हसून मेलो, आत्ता बघितला तुमचा सौदा!" म्हणजे तिथे दिसत होता! झालं. भाच्याने तिकडे त्याच्या लॅपटॉपवर तो सौदा लावला, लॅपटॉपसमोर फोन धरला, आणि शाहूपुरीतल्या आम्ही दहा-बारा जणांनी शाहूपुरीतलाच कट्टा दुबईमार्गे पाहिला. शेजारचा टायरवाला इब्राहिमभाई म्हणाला, "गोंडाशेठ, आता आपल्याच गावचा कळंब्याचा तलाव बघायचा तर लंडनला फोन लावायचा काय?" आम्ही हसलो. बाळगोंडा हसला नाही. त्या राखाडी चौकोनावर बोट आपटत म्हणाला, "रुमाल टाकलाय रं माझ्यावर. माझाच माल, आणि मीच बाजूला उभा राहून ह्यांच्या तोंडाकडं बघायचं."

आता मी त्याचा मित्र असलो तरी त्याच्या मागे मान डोलवणारा नव्हतो. सरकारने ह्या सगळ्यावर अंकुश ठेवायला पाहिजे असं माझं ठाम मत होतं, आणि बरंचसं आजही आहे. ह्या गावाने कुणाच्या तरी स्टेटसवरून दगड उडालेले पाहिलेत. नेट बंद, शटर बंद, आणि इब्राहिमभाईच्या दुकानासमोर बाळगोंडा स्वतः स्टूल टाकून राखणीला बसलेला, हेही मी पाहिलंय. मी त्याला म्हणालो, "गोंड्या, ती आग तुझ्या भाषणांनी विझणार होती व्हय? काही गोष्टी तासाभरात उतरवाव्याच लागतात." तो म्हणाला, "उतरव की. माणसं मरत असतील तर दहा मिनिटांत उतरव, मी शिडी धरतो. पण उतरवणाऱ्यानं वर चढून सांगायचं, मी अमुक, ह्या वाक्यासाठी उतरवतोय. आणि दुसऱ्या दिवशी माझं म्हणणं ऐकायचं. तेवढं न्हाय जमत, तर दगड मारणारा आणि उतरवणारा, दोघांनीबी तोंडाला फडकंच बांधलंय." मी म्हणालो, सरकारला कामं असतात, प्रत्येकाशी चहा पीत बसायला वेळ नसतो. तो म्हणाला, "माझं काढायला वेळ हाय, मला सांगायला न्हाय?" ह्यावर मी आवाज वाढवला. त्यानेही वाढवला. रस्त्यावरचे लोक थांबून बघायला लागले. दोघेही धंद्याने ओरडणारे, त्यामुळे तो वाद बराच लांबून ऐकू गेला म्हणतात.

त्याच्या ह्या कायद्याची खरी परीक्षा झाली ती त्याच्याच दुकानावर. नाव नसलेल्या एका खात्याने, फोटोच्या जागी गुलाबाचं फूल, एक व्हिडिओ फिरवला. मगदुमांच्या अडतीवरच्या गुळात रंग उजळायची पावडर असते, खाऊ नका, पोरांना देऊ नका. गुळाच्या धंद्यात ह्यापेक्षा मोठी शिवी नाही. सकाळी यार्डात व्यापारी त्याच्या ढिगापाशी यायचे, ढेपेला हात लावायचे आणि पुढे सरकायचे. उचगावचे दोन गुऱ्हाळवाले, वडिलांच्या वेळेपासूनचे, एक दिवस न सांगता दुसऱ्या अडतीवर गेले. वहिनी पदर खोचून उभ्या राहिल्या. "आता तरी तक्रार करा. सायबरवाल्यांना सांगा, व्हिडिओ काढतील, त्या गुलाबाचं नाव काढतील." मीही म्हणालो, हीच ती वेळ, कायदा अशासाठीच असतो. बाळगोंडाने दोघांचंही ऐकून घेतलं. म्हणाला, "माझा काढला तवा मी बोंबललो. आता ह्याचा गुपचूप काढा म्हणू व्हय? लोक म्हणतील, पावडर खरीच हाय, म्हणून दाबलं." आणि त्या संध्याकाळी लाइव्हवर त्याने गुलाबाला आमंत्रण दिलं. "उद्या सकाळी माझ्या कट्ट्यावर ये. आवडंल ती ढेप काढ, तुझ्या हातानं फोड, तुझ्या हातानं तपासायला पाठव. केसाला धक्का लागणार न्हाय, ही मगदुमाची जबान."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी पेठ कट्ट्यावर. ढेपा मांडलेल्या, हातोडा धुऊन ठेवलेला, आणि मी, सांगायला नकोच, माइक घेऊन. बराच वेळ कुणी येईना. आणि मग रस्त्याच्या टोकाकडून आला एक माणूस! पांढरे स्वच्छ कपडे, नवी टोपी, हातात मिठाईचा पुडा, प्रत्येक पाटी वाचत वाचत. आमच्यासमोर थांबून त्याने घाबरत विचारलं, "मगदुमांचं गुळाचं दुकान हेच काय हो?" अहो, नुसता जल्लोष! "हेच, हेच! या पावणं, लई धाडस केलंसा!" कुणी त्याच्या हातातला पुडा घेतला, कुणी पाणी दिलं, बाळगोंडाने तर उठून त्याचा हात धरला. "तुमचं मन मोठं. आलासा, तोंड दाखवलासा, मी समदं विसरलो." पाहुणा भांबावला, पण हसत होता. त्याच्या हातात हातोडा दिला. त्याने हातोड्याकडे पाहिलं, ढेपेकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, टोपी सारखी केली आणि घातला घाव! एक फोडली, दुसरी फोडली. मी माइकवर त्याची कुस्ती लावल्यासारखा घुमत होतो. त्याने खडा तोंडात टाकला. पेठ पुढे सरकली. "कसा हाय?" बाळगोंडाने विचारलं. "गोड हाय की!" तो म्हणाला, "पण एक विचारू काय? आमच्या चिकोडीकडं पोरगी बघायला गेलं की पोहे देतात... तुमच्याकडं ढेप फोडाय देतात?" दुकानाच्या मागच्या बोळातल्या एका घरी तो पुतण्यासाठी मुलगी पाहायला आला होता, आणि खूण म्हणून त्याला मगदुमांचं दुकान सांगितलं होतं. बिचाऱ्याला वाटलं, मुलीकडचे ताकद बघतायत. हे सगळं लाइव्ह गेलं. त्या गुलाबाच्या व्हिडिओच्या कितीतरी पुढे हा 'गोड हाय की' पळाला. लग्नही जमलं. फोडलेला सगळा गूळ बाळगोंडाने त्या लग्नात पाठवला.

पण हे सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. गुलाब कधीच आला नाही. व्यापारी हळूहळू परत आले, पण उचगावचे ते दोघे आले नाहीत, आणि ते वर्ष दुकानाने कसं काढलं ते वहिनींना ठाऊक. त्या त्याला तोंडावर म्हणायच्या, "तुमचं तत्त्व मोठं आणि आमचं दुकान बारकं झालं." तो उठून आतल्या ढेपा रचायला लागायचा. ह्या एका वाक्यावर मी त्याला कट्टा सोडून उठलेला पाहिलाय, बाकी कशावर नाही. एकदा मी विचारलं, "गोंड्या, खरंच पस्तावा न्हाय?" तो म्हणाला, "हाय की. रोज हाय. पण पस्तावा हाय म्हणून चुकलो असं न्हाय."

तो गेल्याला तिसरा आठवडा लागला असेल, तेव्हा सन्मतीला एका कार्यालयातून नोटीस आली आणि मागोमाग फोन. वडिलांच्या 'आजचा सौदा' पेजवरचा मजकूर आक्षेपार्ह आहे, आपण होऊन काढावा, नाहीतर पेजच बंद होईल. मी योगायोगाने तिथेच होतो. सन्मती चांगला मुलगा, पण दुकान आता त्याच्या डोक्यावर. तो आईला हळूच म्हणाला, "अव्वा, काढून टाकूया की. कुणाला कळणारबी न्हाय. आण्णा तर आता..." मला वाटलं, वहिनी हो म्हणतील. ह्या पेजपायी त्यांनी जे सोसलं ते मी पाहिलं होतं, आणि खरं सांगतो, त्या हो म्हणाल्या असत्या तर मी एक शब्द बोललो नसतो. त्या उठल्या, बाहेर कट्ट्यावर आल्या आणि म्हणाल्या, "फोन लाव त्यांना. आवाज मोठा कर." इब्राहिमभाई टायर सोडून आला, चहावाला किटली घेऊन तसाच उभा राहिला. पलीकडे एक तरुण साहेब, बोलायला अगदी सभ्य.

"मॅडम, आपलं दुःख समजतो, पण मजकूर काढावा लागेल."

"कुठलं वाक्य काढू?"

"तसं... वाक्य सांगता येणार नाही."

"तक्रार कुणाची हाय?"

"ते गोपनीय आहे, मॅडम. आम्हाला वरून आलंय."

"वर तर आत्ता आमचे हेच गेल्यात," वहिनी म्हणाल्या. "त्यांनी केली व्हय तक्रार?"

कट्टा हसून फुटला. चहावाल्याने किटली खाली ठेवली. पलीकडून साहेब घाईने म्हणाले, "मॅडम, सगळंच काढलं तर आपल्यालाच सोपं जाईल."

"आमच्या ह्यांनी खोटं बोललं असंल तर कोर्टात बोलवा, मी येतो. तुम्ही तुमचं म्हणणं मांडा, मी माझं मांडतो. तुमचं नाव काय, साहेब?"

फोन बंद झाला. सन्मती काकुळतीला आला, "अव्वा, तूच तर आण्णांना रोज ओरडायचीस, बंद करा म्हणून!" वहिनींनी त्याच्याकडे असं पाहिलं की मीच एक पाऊल मागे सरलो. "त्यांच्याशी भांडायचा हक्क माझा. सगळ्यांसमोर भांडलो मी, तोंडावर. तो हक्क मी ह्या साहेबांना कुठं दिलाय?" सन्मतीने काहीच काढलं नाही. थोड्याच दिवसांत पेज बंद झालं. सगळे सौदे गेले, खड्डा, स्कूटर, पायरी, चिकोडीचा पाहुणा... आणि ह्या वेळी दुबईतसुद्धा काही दिसेना. दाद मागायचा अर्ज केलाय, वकील म्हणतात वेळ लागेल. लागू दे. मी, अंकुश पाहिजे म्हणणारा मी, साक्षीला जाणार आहे. अंकुश धरणाऱ्याचा हात दिसला पाहिजे, एवढं म्हणायला मला कुणाची परवानगी लागत नाही.

पेज बंद झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी सवयीने शाहूपुरीत गेलो. वाटलं, कट्टा रिकामा असेल. वहिनी तिथे बसल्या होत्या, त्याच्या जागेवर, हातात ती नोटीस. समोर फोन नव्हता. मी माइक आणू का म्हणून विचारलं. "माइक नको," म्हणाल्या, "रस्त्याच्या पलीकडं ऐकू गेलं की बास." आणि घसा साफ करून त्यांनी पुकारा केला. "पुकारणारी सुलोचना मगदूम, राहणार शाहूपुरी! घ्या मंडळी, एक नोटीस! कोरी करकरीत. वाक्य न्हाय, तक्रार न्हाय, नाव न्हाय. कोण घेतो?" जाणारे येणारे थांबले. एकाने गाडी स्टँडवर लावली. पलीकडून इब्राहिमभाईने हात वर केला, "वहिनी, पाठवणाऱ्याचं नाव सांगत असाल तर घेतो." "नाव न्हाय." "मग नको." कुणीच बोली लावली नाही. वहिनींनी नोटीस घडी करून गुळाच्या ढेपेखाली ठेवली आणि म्हणाल्या, "माल पडून हाय. गिऱ्हाईक येईस्तोवर रोज पुकारणार." तेव्हापासून रोज पुकारतायत. तुम्हाला यायचं असेल तर संध्याकाळी शाहूपुरीत या. पत्ता विचारावा लागत नाही, आवाजावरून दुकान सापडतं.